शंभरातून सात

सोमवार, १ सप्टेंबर

बाईंनी सांगितलंय, रोज वहीत लिहा. गणित नाही, गणिताबद्दल. काय कळलं, काय नाही कळलं, डोक्यात काय आलं. मी विचारलं, "तपासणार कोण?" तर म्हणे, "कुणीच नाही. ही तुमची खाजगी वही." मग लिहायचं कशाला? कुणी वाचायचं नाही ते लिहायला मला दुसरी कामं नाहीत का? पण शेजारच्या बाकावरचा ट्रकड्रायव्हर मान खाली घालून लगेच लिहायला लागला, म्हणून मीही बसले. मी काही त्याच्यापेक्षा कमी नाही.

तर लिहिते. मी वृद्धांच्या संस्थेत मदतनीस आहे. माझा मजला दुसरा. न उठणारी माणसं आणि विसरलेली माणसं. त्यांना भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, गोळ्या द्यायच्या. आता नवा नियम निघालाय. गोळीला हात लावायचा तर कॉलेजचं प्रमाणपत्र पाहिजे. त्या वर्गाला बसायचं तर आधी गणित पास पाहिजे. मी शाळा सोडली पाचवीत, तीही अर्ध्यातून. म्हणून हा 'पायाभूत गणित' नावाचा वर्ग, संध्याकाळचा, कॉलेजची पोरं घरी गेल्यावर. डिसेंबरात परीक्षा. शंभरात पन्नास पाहिजेत. नाही मिळाले तर जानेवारीपासून तळघरात, धुलाईला. मोठ्या सिस्टरांनी हे इतकं गोड बोलून सांगितलं की मी आधी हसलेच. ओल्या चादरी उपसायच्या तिथं, दिवसभर. माझा उजवा खांदा आधीच कामातून गेलाय.

घरी सांगितलं तर मास्तर म्हणाले, "बरं." बस्स, एवढंच. मास्तर म्हणजे माझा नवरा. शिंपी आहेत. पुढच्या खोलीत दुकान, मागं आम्ही. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मीही मास्तरच म्हणते. आता कॉलेजात बाई आणि घरात मास्तर. झालं माझं शिक्षण.

गुरुवार, ४ सप्टेंबर

गुरुवार म्हणजे संस्थेत डॉक्टर यायचा दिवस. नवे आजोबा आलेत, पोस्टमन होते. डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "आजोबा, शंभरातून सात काढा. किती राहिले?"

आजोबा बघतच राहिले. मी चादर बदलत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "त्र्याण्णव."

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "परीक्षा त्यांची आहे. तुम्ही सांगायचं नाही."

नाही तर नाही. मग विचारलं, आणखी सात काढा. आजोबा म्हणाले, "पत्ता अपुरा आहे." डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं.

मी चादर खोचता खोचता मनात करून बघितलं. त्र्याण्णवातून सात. बोटं मोडली, तरी एकदा पंच्याऐंशी आले, एकदा सत्त्याऐंशी. म्हटलं बाई गं, मलाही ठेवतील इथंच, पोस्टमनच्या शेजारच्या खाटेवर. रात्री मास्तरांनाही हे सांगितलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

अपूर्णांक. बाईंनी विचारलं, पाऊण आणि अर्धा मिळून किती? मी फटकन सांगितलं, सव्वा. बाई खूश. म्हणाल्या, या, फळ्यावर लिहून दाखवा. लिहिलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, आले चार छेद सहा. बाई म्हणाल्या, "म्हणजे हे एकापेक्षा कमी झालं. मघाशी तर तुम्ही सव्वा म्हणालात." ड्रायव्हर ख्याख्या हसला. मी त्याला म्हटलं, "ये ना तू. ये फळ्यावर." आला नाही.

तोंडानं येतं, हातानं येत नाही. कशाला लिहायला लावतात?

घरी येऊन मास्तरांना म्हटलं, जरा समजावून सांगा. त्यांना अपूर्णांक म्हणजे पाणी. जन्म गेला इंचात. सव्वाबावीसचे निम्मे विचारा, मान वर न करता सांगायचे, "अकरा आणि एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे लग्न होऊन आल्यावर आठवड्यात मला कळलं होतं. तर आज म्हणतात, "तुझं तू कर. कॉलेजात तू जातेस, मी नाही."

असं आहे तर.

गुरुवार, १८ सप्टेंबर

उणे संख्या. जवळ काहीच नाही, त्यातूनही काढायचं. वर बाई म्हणतात, उणे गुणिले उणे म्हणजे अधिक. मी म्हटलं, "बाई, नाहीला नाही म्हटलं की हो कसं होईल?" त्यांनी रेघ काढली, बाण काढले, पुढं गेले, मागं आले. काही कळलं नाही. मग आठवलं, दुपारी पोस्टमन आजोबा जेवायला नाही म्हणाले. मी त्यांच्या नाहीला नाही म्हटलं. जेवले. म्हणजे असावं खरं.

दुकानातलं एक लिहून ठेवते. वकील आले होते. त्यांचे काळे कोट मास्तरच शिवतात, पहिल्यापासून. मास्तरांनी पावतीपुस्तक काढलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?" वकिलाला वाटलं थट्टा, हसला. मास्तर पेन धरून उभेच. तेव्हा त्याचं तोंड पडलं. गेल्यावर मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाईक तोडायचा पण केलाय का?" म्हणाले, "विचारलं तर काय बिघडलं?" हल्ली तोंडावर बोलायची हिंमत नाही, असं आडून आडून चाललंय. बायको शिकते म्हणून फुगलेत, आणि राग जगावर.

सोमवार, ६ ऑक्टोबर

चाचणीचे मार्क मिळाले. तेवीस. शंभरापैकी.

ड्रायव्हरला एकतीस. म्हणाला, "मावशी, तोंड पाडू नका. आपण दोघं मिळून पास आहोत." मी बोटांवर मोजलं. चोपन्न. खरंच पास.

पण तळघरात कुणी दोघं मिळून जात नाही. आज मुद्दाम धुलाईत जाऊन बघून आले. खाली उजेड नाही, भिंती घाम आल्यासारख्या ओल्या. तिथली बाई म्हणाली, "ये ये, जागा आहे." तिची बोटं बघितली, पाण्यानं पांढरी आणि सुजलेली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

लेकीचा फोन. ती सासरी, रात्रभराच्या बसच्या अंतरावर. म्हणाली, "आई, बाबा बरे आहेत ना? काल तीनदा फोन आला त्यांचा. तिन्ही वेळा तेच. पोचलीस का म्हणून."

"कुठं पोचलीस?"

"तेच तर. मी कुठं गेलेच नव्हते."

मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक नाही, रिकामं बसून फोन करत असतील. तू उचलू नकोस. ती गप्प बसली. तिला गप्प बसायची सवय बापाकडून आलीये, माझ्याकडून नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज इतकी संतापले की वर्गात लक्षच लागलं नाही.

वर्गाला निघाले होते. वह्या मी भाजीच्या पिशवीतून नेते. मास्तर म्हणाले, "थांब." आणि मशीनवरून एक पिशवी उचलून दिली. निळ्या जाड कापडाची, दोन बंद, कडेला पांढरा गोट. देखणी. वह्या घालायला गेले तर घालायच्या कुठून? चारी बाजू शिवलेल्या. तोंडच नाही पिशवीला. बंद मात्र पक्के, दुहेरी टीप मारून.

"हे काय?"

"पिशवी," म्हणाले. "तुझ्या कॉलेजासाठी."

माझ्याकडे बघत होते. हसतही नव्हते. तोंड शिवून पिशवी द्यायची म्हणजे काय ते न कळायला मी दुधखुळी नाही. जाऊ नकोस म्हणायचं तर सरळ म्हणा ना! मी ती पिशवी मशीनवर आपटली आणि भाजीचीच घेऊन गेले. जाताना मागं वळून बघितलं तर ती हातात धरून उलटीसुलटी करून बघत होते. आता कळवळा.

सोमवार, २० ऑक्टोबर

क्ष आला. बाई म्हणाल्या, ज्याची किंमत माहीत नाही तो क्ष. पहिल्या गणितात पाच निघाला, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात उणे तीन. मी विचारलं, "बाई, एकदा काय तो ठरवा ना. मघाशी पाच होता." म्हणाल्या, "प्रत्येक वेळी तो नव्यानं शोधायचा असतो." म्हटलं, "म्हणजे काल शोधला त्याचा आज उपयोग नाही?" म्हणाल्या, "नाही." बाई माझ्या लेकीच्या वयाची आहे, पण हे बोलताना एकदम म्हातारी दिसली.

ड्रायव्हर म्हणतो, "अहो मावशी, आमच्या मालकासारखं आहे. रोज सकाळी नवा माणूस."

बुधवार, २९ ऑक्टोबर

मास्तर कोपऱ्यावर दोरा आणायला गेले, ते उजेड संपत आला तरी आले नाहीत. मग सायकलवाला घेऊन आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं पंक्चरचं दुकान आहे. म्हणाला, "वहिनी, मास्तर शाळेच्या फाटकाशी उभे होते. म्हटलं, चला सोडतो घरी."

"शाळेच्या? ती तर उलट्या बाजूला!"

"हो ना," सायकलवाला म्हणाला आणि माझ्याकडे नको तितका वेळ बघत राहिला.

तो गेल्यावर मी मास्तरांच्या तोंडाचा वास घेतला. नाही, दारू नव्हती. म्हटलं, "शाळेत कोण आहे तुमचं?" म्हणाले, "लेकीला आणायला गेलो होतो." मी म्हटलं, "थट्टा करायचं वय नाही हे." तर दोऱ्याचं रीळ माझ्या हातात ठेवून मशीनवर जाऊन बसले. दोरा बरोबर आणला होता. आमसुली म्हटलं होतं, आमसुलीच.

सोमवार, ३ नोव्हेंबर

संस्थेतून लवकर सुटले. घरी आले तर मास्तर पुढच्या खोलीत, पाठमोरे. कापायच्या टेबलावर खडूनं काहीतरी लिहीत होते. मला वाटलं कापड आखतायत. जवळ गेले तर पाढा. साताचा. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. पुढं परत सात एके सात. सगळं टेबल भरलेलं. माझी चाहूल लागली तसं बाहीनं पुसून टाकलं, शाळेतल्या पोरासारखं.

"माझी नक्कल करता?" मी म्हटलं. "मला येत नाही म्हणून?"

"अगं, नाही."

"मग पुसलं कशाला?"

खडू खिशात टाकला. कोटाची बाही मात्र रात्रीपर्यंत पांढरी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दुसरी चाचणी. अडतीस. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला येतंय सगळं. फक्त एका ठिकाणी घसरता. बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की चिन्ह बदलायचं. अलीकडे अधिक, पलीकडे उणे. तुम्ही तसंच्या तसं उचलून तिकडे नेऊन ठेवता."

प्रत्येक गणितात तेवढीच एक चूक. दहा गणितं, दहा वेळा तीच. बाईंनी लाल पेनानं दहाही ठिकाणी गोल केलेत. मला म्हणाल्या, "घाई करता तुम्ही. थांबा, बघा, बाजू बदलली का विचारा, मग लिहा." घाई नाही करायची तर काय करायचं? माझ्या मजल्यावर वीस माणसं असतात. थांबून बघत बसले तर विसाव्याला नाश्ता दुपारी मिळेल.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मोठ्या सिस्टरांच्या पाया पडून मी मास्तरांना काम मिळवून दिलं होतं. संस्थेच्या पहारेकऱ्यांचे थंडीचे कोट, सहा. चांगलं करड्या रंगाचं जाड कापड. एका बाजूनं मऊ लव, दुसरी बाजू गुळगुळीत. काज-बटण माझ्याकडे असतं, म्हणून आज सुटीच्या वेळात बसले. बघते तर पहिल्या कोटाची एक बाही उलटी वळते. कोपर मागं जायच्या ऐवजी पुढं. दुसरा कोट, तसाच. मग न जोडलेल्या बाह्यांचा गठ्ठा काढला आणि एकेक टेबलावर लावली. सगळ्या डाव्या. सहा कोटांच्या बाराही बाह्या डाव्या.

नवशिक्याला मास्तर पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. एक बाही कापली की फर्मा, म्हणजे मापाचा कागद, उलटा कर. कापडाला सुलट-उलट असते, माणसाला डावं-उजवं असतं. फर्मा उलटा केला नाहीस तर माणसाला दोन डावे हात लागतील. असं म्हणून दोन्ही हात एकीकडे वळवून दाखवायचे. पोरं हसायची.

मी म्हटलं, "मुद्दाम केलंत. माझी संस्थेत मान खाली जावी म्हणून केलंत. मी परीक्षेला बसू नये म्हणून."

मास्तरांनी एक बाही उचलली, स्वतःच्या उजव्या हातात चढवली, आणि हात लांब करून बघत राहिले. मग दुसरी उचलली. तीही त्याच हातात चढवली, पहिलीवर. मला म्हणाले, "नेमकं काय चुकलंय गं?"

मी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

लेक आली. न सांगता, सकाळच्या बसनं. सायकलवाल्यानं तिला फोन केला होता म्हणे. गल्ली माझ्या घरात नाक खुपसते, आणि फोन लावते तो माझ्याच लेकीला!

दिवसभर बापाजवळ बसून होती. संध्याकाळी माझ्याकडे आली, मी गणितं घेऊन बसले होते. म्हणाली, "आई, तुला दिसत नाही?"

"काय दिसायचंय?"

"तू रोज तीच माणसं बघतेस ना गं?"

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "बघते. म्हणूनच सांगते. ती माणसं वेगळी. ती खाटेवर असतात, त्यांच्या अंगाला वास येतो, त्यांना कपडे घालावे लागतात. तुझा बाप रोज दाढी करतो. इस्त्रीचा सदरा घालतो. त्यांना काही झालेलं नाही, त्यांना राग आलाय. तुला नाही कळायचं, तुझं लग्न नवीन आहे."

"तुझ्या संस्थेत माणसं पहिल्या दिवसापासून खाटेवर होती का?"

मी म्हटलं, तू तुझ्या घरी जा. गेली. जाताना बापाच्या पाया पडली तर ते म्हणाले, "शाळा सुटली की तिथंच थांब. मी येतो." ती दाराशी रडली. मी आतच बसले होते. एकही गणित सुटलं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज वर्ग नव्हता. मास्तर मशीनशी बसले होते, मशीन बंद. मी समोरच्या स्टुलावर बसले. म्हटलं, "मास्तर, सव्वाबावीसचे निम्मे किती?"

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. गळ्यातली टेप काढली. सव्वाबावीसवर नख ठेवलं, बरोबर तिथंच. टेपचं टोक आणून त्या नखाला भिडवलं. मधोमध घडी पडली, ती चिमटीत धरली. काय सुंदर हात चालतात अजून. मग घडीवरचा आकडा वाचला.

"अठ्ठावीस."

टेप उलटी झाली होती. मागच्या बाजूला सेंटिमीटर असतात, तिथलं वाचलं.

"अठ्ठावीस?" मी म्हटलं. "बावीसचे निम्मे अठ्ठावीस?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बरोबर की चूक ते माझ्या तोंडावर वाचत होते. असं बघणं मला ठाऊक आहे. पोस्टमन आजोबा डॉक्टरांकडे तसंच बघतात.

मी म्हटलं, "हो. अठ्ठावीसच."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे नंबर लावला. १८ डिसेंबरला. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, कुणासाठी? म्हटलं, घरच्या माणसासाठी. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. कोटांचंही विचारलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

उद्या परीक्षा. समीकरणं केली. आता पलीकडे नेताना थांबते. बाजू बदलली का? बदलली. मग चिन्ह बदललं का? मग लिहिते. वेळ लागतो, पण येतं.

सगळं आटोपल्यावर ती निळी पिशवी शोधली. मास्तरांनी कापडाच्या गठ्ठ्याखाली लपवली होती. ब्लेडनं एक बाजू उसवायला घेतली. टाके इतके बारीक, एकसारखे, की दोन वेळा ब्लेड निसटलं. बंद कुठं लावायचे, गोट कुठं वळवायचा, सगळं बरोबर. मापही बरोबर. माझी मोठी वही आडवी बसते, ती कधी मोजली त्यांनी कुणास ठाऊक.

मास्तर बघत होते. म्हणाले, "छान आहे पिशवी. कुणी शिवली?"

बुधवार, १० डिसेंबर

पेपर झाला. ड्रायव्हर घामाघूम. बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, पिशवी नवी?" म्हटलं, "हो. घरची."

पेपराबद्दल काही लिहावंसं वाटत नाही. घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारणीला बसवून गेले होते तरी.

मंगळवार, १६ डिसेंबर

निकाल. सत्तावन्न.

बाईंनी मला मिठी मारली. बाईंच्या अंगाला खडूचा वास येतो, मास्तरांच्या येतो तसा. ड्रायव्हरला एकोणपन्नास. एका मार्कानं गेला. हसत होता, "मावशी, तुमचे सात उसने द्या ना," पण डोळे भरलेले. आम्ही दोघं मिळूनही आता काही होत नाही.

धुलाई टळली. जानेवारीपासून प्रमाणपत्राचा वर्ग, दिवसाचा, आणि उरलेला वेळ कामाला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अभिनंदन. मी विचारलं, "दिवसाचा वर्ग म्हणजे घरी कधी जायचं?" त्या म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा, ताई."

घरी आले. म्हटलं, "मास्तर, पास झाले."

"कशात?"

"गणितात."

"अरे वा!" त्यांचं तोंड उजळलं. हात पुसून त्यांनी माझा हात हातात घेतला. जेवताना म्हटलं, "पास झाले हो." "कशात?" "गणितात." "अरे वा!" भांडी आवरताना तिसऱ्यांदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांना तेवढाच आनंद झाला. माझा मात्र दर वेळी कमी होत गेला.

गुरुवार, १८ डिसेंबर

मास्तरांनी कोट घातला. गळ्यातली टेप काढा म्हटलं, काढेनात. म्हटलं, असू दे. वाटेत दोनदा सांगून ठेवलं, आज गुरुवार आहे, महिना डिसेंबर.

त्याच खोलीत गेलो, जिथं मी गुरुवारी चादरी बदलते. हिरवा पडदा, वजनाचा काटा. डॉक्टरांनी तसंच खुर्ची ओढून घेतली. "मास्तर, आज वार कोणता?"

"गुरुवार," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही.

"महिना?"

"थंडीचा."

डॉक्टर हसले. मीही हसले असते. मग म्हणाले, "आता एक सोपं गणित. शंभरातून सात काढा."

मास्तरांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. ओठ हलले. "त्र्याण्णव."

माझा श्वास सुटला. तो टेबलभर पाढा आठवला.

"शाब्बास. त्यातून आणखी सात."

टेप बोटाभोवती फिरत राहिली. पुढं, मग मागं. खाली कुणीतरी चादरींची गाडी ढकलत होतं, एक चाक कुरकुरत होतं, ते लांब जाईपर्यंत ऐकू आलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एकदम सगळं सुटल्यासारखे डॉक्टरांकडे वळले.

"हिला विचारा," म्हणाले. "ही कॉलेजात जाते."

"मावशी सांगणार नाहीत," डॉक्टर हळूच म्हणाले. "परीक्षा तुमची आहे, मास्तर."

"अहो, पण हिला येतं. हिला सगळं येतं. पहिल्यापासून हुशार."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि पडद्याकडे बघत राहिले. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. एकही बोट न मोडता सगळे आले. मी ओठ मिटून बसले.